अडकित्ता छाप अक्का

अक्का दातांनी अख्खी सुपारी फोडायच्या. वय साठीच्या पुढे गेलेलं, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि पुढ्यात गुलाबी कागदाच्या मंजनाच्या पुड्यांची रास. बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळी गावात, आठवडी बाजारात, हैदराबादच्या सडकेला लागून त्यांची जागा ठरलेली होती. गिऱ्हाईक रेंगाळतंय असं दिसलं की त्या कनवटीची सुपारी काढायच्या आणि आधी चार जणांच्या हातात फिरवायच्या. चिरलेली नाही, भिजवलेली नाही, अशी सगळ्यांची खात्री पटली की ती तोंडात जायची. कटकन आवाज व्हायचा. शेजारचा कांदेवाला दर आठवड्याला न चुकता दचकायचा. मग तळहातावर दोन तुकडे काढून अक्का म्हणायच्या, "दात माजे, मंजन माजं. मधी कुनी न्हाई."

त्यांच्या शेजारी अप्पा बसलेले असायचे. अप्पा म्हणजे अक्कांचे यजमान. त्यांच्या तोंडात सगळे मिळून चार दात उरले होते आणि त्या चारांचंही आपसात पटत नसावं, इतके ते लांब लांब उभे होते. कुणीतरी टवाळ गडी हटकून विचारायचा, "अक्का, मंजन येवढं भारी हाय, मग अप्पांच्या तोंडाचं असं कामून झालंय?" अक्का या प्रश्नाची वाटच बघत असायच्या. "मी चाळीस वर्सं मंजन लावलं. त्येनी चाळीस वर्सं तंबाकू लावली. दोगं बी तुमच्या म्होरं बसलोय. बगा आन ठरवा." लगेच अप्पा आज्ञाधारकपणे आ करून दाखवायचे. त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. बाजाराच्या दिवशी आपल्यालाही काही काम आहे, याचं त्यांना उलट बरंच वाटायचं.

मी तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून गेलो तेव्हा निजामाची राजवट जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. उदगीरहून ट्रंक आणि वळकटी घेऊन आलो आणि अक्कांच्या घरातली रस्त्याकडची खोली बघायला गेलो. भाड्याचं विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "भाड्याचं मागनं बगू. आदी दात दाखवा." मी गोंधळून उभा राहिलो. मला मराठी कळत नसावं असं समजून त्यांनी तेच कानडीत सांगितलं. शेवटी मी तोंड उघडलं. त्यांनी मला दारातल्या उजेडात नेऊन नीट पाहिलं, उजवीकडच्या एका दाढेवर बोट ठेवून खेदाने मान हलवली आणि खोली दिली. अट एकच होती, रोज सकाळी अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत दात घासायचे. सात वर्षं मी ही हजेरी दिली.

मंजन करायची त्यांची तऱ्हा मी त्या सात वर्षांत इतक्यांदा पाहिली, की आजही डोळे मिटून सांगेन. बाभळीच्या सालीचा कोळसा, जाळलेली बदामाची टरफलं, हिरडा, लवंग, सैंधव आणि तव्यावर फुलवलेली तुरटी. सगळं कुटून अप्पांच्या जुन्या धोतरातून तीन वेळा वस्त्रगाळ करायचं. मग अक्का चिमूटभर पूड अंगठ्याच्या नखावर घासून नख उन्हात धरायच्या. एक जरी ओरखडा दिसला तरी अख्खा घाणा पुन्हा खलात जायचा. नख पास झालं तरी पुड्या बांधायला सुरुवात नसे. नव्या घाण्याचं पहिलं मंजन त्या स्वतः लावायच्या, चूळ भरायच्या आणि घटकाभर कुणाशी न बोलता बसून राहायच्या. "तोंड काय म्हनायलंय ते ऐकायले," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. अप्पा म्हणायचे, घरात तेवढीच काय ती शांतता.

पण मला खरी गंमत वाटायची ती त्यांच्या सोमवारांची. दर सोमवारी अक्का स्वतःचं मंजन लावत नसत. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी. कुणी हैदराबादेहून आलं, कुणी सोलापूरला गेलं, की त्याला सांगणं ठरलेलं, तिकडं जे मंजन मिळेल ते घेऊन ये. फळीवर अशा परक्या डब्यांची आणि पुड्यांची ओळच होती. मी म्हटलं, "अक्का, ही तर तुमची वैरी मंडळी." त्या म्हणाल्या, "मास्तर, दुसऱ्याचं तोंडात घातल्याबिगर आपलं येगळं कशात हाय ते कसं कळंल?"

एकदा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा पत्र्याचा डबा आला. आत पांढरीशुभ्र, गोडसर, थंडगार लागणारी पूड. अक्कांनी दात घासले, वास घेतला, पुन्हा घासले. मला वाटलं आता नावं ठेवतील. पण त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "लई ग्वाड केलंय. वास तर काय झकास हाय. लेकरं खाऊन टाकतील." अप्पांनी सुचवलं की आपणही थोडी साखर घालू. अक्का उसळल्या. "त्येनी ग्वाड करायलेत म्हून आपुन बी ग्वाड करावं व्हय? मग लोकांनी आपलं कामून घ्यावं? त्येंचाच डबा किती चांगला हाय!" पुढच्या घाण्यात त्यांनी हिरडा वाढवला आणि लवंग दुप्पट केली. तोंड असं तुरट व्हायचं, की सकाळी पहिल्या तासाला मला फळ्यावर नुसतं लिहूनच काम भागवावं लागे. बाजारात मात्र लोक जिभा बाहेर काढून कौतुकाने म्हणू लागले, हे खरं औषध.

आता पुडीविषयी. तिचा कागद गुलाबी. त्यावर मधोमध अडकित्ता, कारण हे मंजन लावणाऱ्याला अडकित्त्याची गरज पडत नाही असा अक्कांचा दावा. अडकित्त्याच्या वर उर्दूतली एक लफ्फेदार ओळ. बिदरला दगडावर लिहून त्यावरून कागद छापणाऱ्या एका छापखान्यात मुन्शीजी म्हणून एक वयस्कर लेखनिक होते, त्यांनी ती वीसेक वर्षांपूर्वी लिहून दिली होती. 'अडकित्ता छाप दंतमंजन, असली' एवढाच तिचा मजकूर. अक्कांना ती वाचता येत नव्हती, अप्पांना येत नव्हती, घेणाऱ्यांतही शंभरात दोघांना आली तर आली. कासारणी बांगड्यांबरोबर त्या पुड्या मंठाळपासून संतपूरपर्यंत नेत आणि तिथं बायका त्या न वाचता, नुसत्या नजरेने ओळखून घेत.

आणि इथं माझ्यातला चित्रकार जागा झाला. ते दिवसच तसे होते. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, शाळेची पुस्तकं बदलत होती, जो तो काहीतरी नवं रंगवत होता. मी अक्कांच्या मागे लागलो. म्हटलं, लोकांना वाचता न येणारी ओळ कशाला हवी? मराठीत लिहू, कानडीत लिहू, कागद पांढरा घेऊ, अडकित्ता नव्याने काढू. अक्कांनी विचारलं, "लोकांला मराठी तरी वाचाया येतंय व्हय?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता येईल." माझा हिरमोड त्यांच्याच्याने करवला नसावा, कारण त्या हो म्हणाल्या. मी आठ दिवस खपून लेबल काढलं. अक्षरांना सावल्या दिल्या, कडेला वेलबुट्टी घातली. इतकं सुरेख काम मी त्याआधी केलं नव्हतं.

नव्या पुड्यांचा पहिला बाजार मला विसरता येत नाही. वर्षानुवर्षं मंजन नेणारी एक म्हातारी आली, तिने पांढरी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि अक्कांच्या हातात परत दिली. "हे नगं गं अक्का. तुजं दे."

"आगं हे माजंच हाय."

"तुजं व्हय? तुज्यावर ती वाकडी वळ असती की. ही वळ न्हाई ह्याच्यावर. तुला कुनीतरी फसवून नकली दिलंय बग."

खुद्द अक्कांना अक्कांचं मंजन नकली आहे म्हणून सांगून म्हातारी गेली. आम्ही तिघं हसलो. पुढच्या दोन आठवड्यांत मंठाळच्या आणि संतपूरच्या कासारणी पुड्यांची गाठोडी जशीच्या तशी परत घेऊन आल्या, तेव्हा हसू थांबलं. न वाचता येणारी ती ओळ लोकांनी वीस वर्षं डोळ्यांनी पाठ केली होती. तीच काढून टाकल्यावर माझ्या सावल्यांना आणि वेलबुट्टीला कोण विचारतो?

तेवढ्यात दुसरीकडून घाव बसला. जवळच्या एका गावातल्या व्यापाऱ्याने वर्षभर आधीच 'कात्री छाप' नावाचं मंजन काढलं होतं. त्याचा कागद गुलाबी. उघडलेली कात्री फिक्या शाईत छापली की अडकित्त्यासारखीच दिसायची. वर उर्दूसारखी वाटेल अशी एक अर्थहीन वेटोळ्यांची रेघ. आमची गुलाबी पुडी बाजारात होती तोवर लोक दोन्ही शेजारी ठेवून फरक ओळखायचे. ती गेल्यावर लोकांच्या लेखी त्याचीच पुडी अक्कांची ठरली. आणि आत काय होतं? विटेची पूड आणि काजळी.

संतपूरहून एक शेतकरी गाडी जुंपून आला. हिरड्या सुजून गाल टमटमीत फुगलेला. पटक्यात गुलाबी पुडी बांधून आणलेली. "अक्का, तुमच्यावर इस्वास ठिवून घरात समद्यांला लावलं. बायकोचं तर रगत थांबंना." अक्कांनी पुडी पाहिली. ही माझी नव्हे, असं त्या म्हणतील म्हणून मी थांबलो. त्या आधी उठल्या. आत जाऊन तुरटीचं कोमट पाणी आणलं, त्याला गुळण्या करायला लावल्या, बायकोसाठी तुरटीचा खडा बांधून दिला. तो जरा निवल्यावरच सांगितलं, की हे माझ्या हातचं नाही. त्याने मान डोलवली, पण विश्वास बसल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

त्या आठवड्यात अक्कांनी बाजारात सुपारी फोडली नाही. अप्पा बिचारे सवयीने आ करून बसले आणि विचारणारं कुणी नाही म्हणून मिटून घेतलं. घरी आल्यावर अक्का मला म्हणाल्या, "मास्तर, इक्री बुडाली तर ज्वारी हाय, तुरी हायेत, पोट भरतंय. पर गावोगावच्या बाया माजं नाव घिऊन तोंडात काय बी घालायल्यात. नाव गेलं तर मी कुनाच्या म्होरं बसू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फिर्याद करू म्हणालो, वकील बघू म्हणालो. अक्का म्हणाल्या, "कोर्टात दात कोन बगतंय? बिदरला चला. मुन्शीजीकडं."

बिदरच्या त्या छापखान्यात आता फारसं काम उरलं नव्हतं. मुन्शीजी स्वच्छ धुतलेल्या शेरवानीत, रिकाम्या चौरंगापुढे बसले होते. अक्कांनी येण्याचं कारण सांगितलं. ते कसनुसं हसले. "अब हमारी लिखावट कौन पूछता, अक्का? सब लोगां तख्तियाँ बदल रहे."

अक्का म्हणाल्या, "मी पुसायले की. लोकांला माजं तोंड बी येवढं वळखू येत न्हाई जेवढी तुमची वळ येती. म्या मूरखावानी ती काडून टाकली." त्यांनी दोष माझ्यावर ढकलला नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. मीच पुढे होऊन खरं काय ते सांगितलं आणि माझं पांढरं लेबल मुन्शीजींपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा चढवून ते नीट पाहिलं. "मास्टरसाब, हात अच्छा है. पन ये अडकित्ता खाली कायकू है? सुपारी किधर है इसमें?"

वीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, आणि मला तर सुचायलाच हवं होतं. अडकित्त्याच्या जबड्यात एक गोल सुपारी काढली, की कात्रीची काय बिशाद त्याच्यासारखं दिसायची! मी तिथंच बसून चित्र दुरुस्त केलं. मुन्शीजींनी बोरू हातात घेतला, श्वास रोखला आणि जुनीच ओळ अशी लिहिली, की शेवटच्या अक्षराची शेपटी खाली उतरून अख्ख्या अडकित्त्याला वळसा घालून आली. एकाही जागी हात थांबला नाही. वेटोळी काढणाऱ्याला ते साधणं शक्य नव्हतं. खाली बारीक अक्षरांत मराठी आणि कानडी ओळ राहू दिली. कागद अर्थातच गुलाबी. निघताना अक्कांनी मुन्शीजींना तोंड उघडायला सांगितलं आणि त्यांनीही ते निमूट उघडलं.

पुड्या तयार झाल्यावर अक्का स्वतः गावोगाव निघाल्या. मंठाळच्या बाजारात मी सुट्टी काढून बरोबर होतो. त्यांनी पितळेचे दोन काळवंडलेले तांबे पुढ्यात ठेवले, एका हाताला आपलं मंजन, दुसऱ्या हाताला कात्री छाप. बायका जमल्या. "आदी नखावर घासून बगा," अक्का म्हणाल्या. कात्री छापने नखांवर पांढरे ओरखडे उठले. बायका कुजबुजू लागल्या, एकीने व्यापाऱ्याला सणसणीत शिवी हासडली. अक्कांनी तिला थांबवलं. "शिव्या देऊ नगा. त्येचं वाईट न्हाई. तुमी लावायच्या जागी चुकायलाव." असं म्हणून त्यांनी कात्री छाप चिंचेच्या कोळात मिसळून तांब्यावर चोळलं. तांब्या लखलखला. मग दुसऱ्या तांब्यावर आपलं मंजन चोळलं. तो होता तसाच काळा. "बगा, माजं मंजन हितं कायबी कामाचं न्हाई. तांब्याला त्येचं घ्या, दाताला माजं घ्या." बाजार हसून हसून लोळायचा बाकी राहिला. अप्पांनी आपणहून आ केला आणि अक्कांनी कितीतरी दिवसांनी सुपारी काढली.

ही गोष्ट आमच्या आधी संतपूरला पोचली. महिनाभरात कात्री छाप दाताला लावणारा माणूस शोधूनही सापडेना. एके दिवशी तो व्यापारी दारात उभा राहिला. मला वाटलं भांडायला आलाय, म्हणून मी बाह्या सरसावल्या. तो खाली मान घालून म्हणाला, "अक्का, माल पडून हाय. तुमी म्हनता तसं भांड्याची पूड म्हून ईकलं तर चालंल का?" अक्कांनी त्याला आधी संतपूरला जाऊन त्या नवराबायकोचे पाय धरून यायला लावलं. तो गेला आणि आला. मग त्याला शेजारी बसवून सांगितलं, की भांड्याला घालायचं तर काजळी काढून टाक, राख घाल, कागद निळा घे. 'कात्री छाप भांड्यांची पूड' पुढे घरोघर गेली. आमच्या घरातही तीच असायची. अक्का म्हणायच्या, "त्येच्यासारकी पूड मला जमली नसती."

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात अक्का आजारल्या. राज्यांची वाटणी होणार, मराठी मुलूख तिकडे आणि हा भाग म्हैसूरकडे जाणार, हे ठरलं होतं. मीही उदगीरकडे बदली मागितली होती. तेव्हा तोच व्यापारी पुन्हा आला. आता तो बराच मोठा झाला होता. तुमच्यामागे अडकित्ता छाप मी चालवतो, म्हणाला. प्रामाणिकपणे म्हणत होता, हे सांगायलाच हवं. अप्पांनाही ते पटलं होतं. अक्का उशीला टेकून बसल्या. "तू चांगलं करशील रं. पर पैलं मंजन कोन लावनार? मी नसनार. मग पुडीवर मी कामून असू?"

त्यांनी मला बिदरला पाठवलं. मुन्शीजींनी निरोप ऐकला. आतून अडकित्ता छापायचा दगड आणवला, त्यावर वाळू आणि पाणी टाकलं आणि स्वतःच्या हाताने घासायला बसले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "नक्को मास्टरसाब. मैं लिख्या, मैंच मिटाता." सुपारी गेली, अडकित्ता गेला, सगळ्यात शेवटी ती लांब शेपटी. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

उरलेल्या पुड्या घेऊन अक्का एकदाच बाजारात बसल्या. अप्पांनी त्यांना धरून आणलं होतं. प्रत्येक पुडीबरोबर त्या कृती सांगत होत्या, मराठीत, कानडीत, दखनीत, जिला जशी कळेल तशी. कोळसा किती, हिरडा किती, तुरटी कशी फुलवायची. बायका मोठ्याने घोकत होत्या, चुकत होत्या, हसत होत्या आणि अक्का दटावून पुन्हा म्हणवून घेत होत्या. श्रावण लागायच्या आत त्या गेल्या. उदगीरची बस पकडताना अप्पा मला सोडायला आले. माझी वळकटी त्यांनी बसपर्यंत हातातून सोडली नाही.

उदगीरच्या घरी आम्ही आजही ते मंजन करतो. माप तेच, धोतरातून तीन वेळा गाळतो, नखावर घासून बघतो. चांगलं होतं, पण अक्कांचं होत नाही, आणि त्याचं मला दर खेपेला वाईट वाटतं. आयुष्यभर मी लोकांना चित्रं काढून दिली, दुकानांच्या पाट्या दिल्या, पुड्यांवरचे छाप दिले. त्या मंजनाच्या डब्यावर मात्र मी अजून काहीही काढलेलं नाही.